तेलाच्या खडकात पाणी का सोडतात, आणि खडक का फोडतात?

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायच्या तेलक्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा देणारी भागीदार म्हणून निवड केली. कारण उघड होतं. १९८५ च्या सुमारास हे क्षेत्र दिवसाला सुमारे ४ लाख ७० हजार बॅरल तेल देत होतं, २०२४ पर्यंत ते १ लाख ३५ हजारांच्या आसपास आलं होतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. आपण वापरतो त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, त्यामुळे ही घसरण सोलापूरजवळच्या पाकणीच्या इंधन डेपोतून निघणाऱ्या प्रत्येक टँकरशी जोडलेली आहे.

तेलाचं उत्पादन वाढवण्याचा विषय निघाला की दोन शब्द हटकून कानावर पडतात: वॉटर इंजेक्शन आणि फ्रॅकिंग. पहिल्यात खडकात पाणी सोडतात, दुसऱ्यात पाण्याच्या दाबाने खडक फोडतात. बहुतेकांच्या डोक्यात दोन्हींची खिचडी झालेली असते. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याची सवय असलेल्या सोलापूरकराला तर पहिला प्रश्न हाच पडतो की एवढं पाणी जमिनीत घालवायचंच कशाला? आणि किल्लारीचा हादरा ज्यांनी अनुभवला आहे ते विचारतात, खडक फोडल्यावर जमीन हलणार नाही का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

### तेल तळ्यात नसतं, दगडात असतं

जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि त्यात पाइप घालून ते उपसतात, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात तेल दगडाच्या बारीक छिद्रांत असतं. चांगल्या वालुकाश्मात आकारमानाच्या पंधरा ते पंचवीस टक्के जागा अशी पोकळ असते. तिच्यात तेल, वायू आणि थोडं खारं पाणी एकत्र कोंडलेलं असतं. मुंबई हायमध्ये हा दगड चुनखडीचा आहे.

छिद्रं असून भागत नाही, ती एकमेकांना जोडलेलीही हवीत. आपल्याकडच्या बोअरवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. एका शेतात दोनशे फुटांवर पाणी लागतं आणि बांधापलीकडे पाचशे फुटांवरही नुसती धूळ उडते. दगडात वाट आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

### पहिलं तेल आपसूक येतं, मग अडतं

खोलवरचा खडक प्रचंड दाबाखाली असतो. विहीर खणली की हा कोंडलेला दाबच तेलाला वर ढकलतो. पण जसजसं तेल निघतं तसतसा दाब उतरतो. एका मर्यादेखाली गेला की तेलात विरघळलेला वायू सुटा होतो, हलका असल्याने तो पुढे निसटतो आणि मागे उरलेलं तेल आणखी घट्ट होतं. नुसत्या नैसर्गिक दाबावर विसंबलं तर अनेक क्षेत्रांत पंधरा टक्केसुद्धा तेल हाती येत नाही.

साखर कारखान्यात गेलेल्या कुणालाही पुढचा भाग चटकन समजेल, आणि आपल्या जिल्ह्यात असं कुणी नसेल असं घर शोधावं लागेल. ऊस मिलच्या रोलरमधून गेला की बराचसा रस निघतो. पण रोलर कितीही आवळले तरी चोथ्यात रस राहतोच. म्हणून शेवटच्या मिलच्या आधी बगॅसवर गरम पाणी सोडतात. कारखान्यात त्याला इम्बिबिशन म्हणतात. ते पाणी उरलेली गोडी घेऊन बाहेर येतं. तेलाच्या खडकात पाणी सोडतात ते याच हेतूने. फरक एवढाच की रस पाण्यात मिसळतो आणि तेल मिसळत नाही, त्यामुळे इथे पाण्याने तेलाला पुढे रेटत न्यायचं असतं. शिवाय निघून गेलेल्या तेलाची जागा पाणी घेतं आणि खडकातला दाब टिकतो. पाणी सोडल्यावर एकूण तेलाचा साधारण तिसरा हिस्सा, काही ठिकाणी त्याहून जास्त, बाहेर काढता येतो.

हा शोध कुणी प्रयोगशाळेत लावला नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये १८६० च्या दशकात सोडून दिलेल्या विहिरींतून पावसाचं आणि वरच्या थरांतलं पाणी तेलाच्या थरात उतरलं. आसपासच्या काही विहिरींचं तेल त्याने बुडालं, काहींचं वाढलं. जॉन कार्ल या भूवैज्ञानिकाने १८८० मध्ये लिहून ठेवलं की पाणी आत गेल्याने जास्त तेल निघू शकतं. तरीही तिथे मुद्दाम पाणी सोडायला कायद्याची मुभा मिळाली ती १९२१ मध्ये. तोवर लोक हे काम गुपचूप करत होते.

### पाणी सोडायचं म्हणजे नळी घालून मोटर चालू करायची नव्हे

तेलक्षेत्रात दोन प्रकारच्या विहिरी असतात. काहींतून तेल निघतं, काहींतून पाणी आत जातं. मांडणी बऱ्याचदा चौपटावरच्या सोंगट्यांसारखी नेमकी असते: चार कोपऱ्यांत पाण्याच्या विहिरी आणि मधोमध तेलाची. सौदी अरेबियाच्या घावर या अवाढव्य क्षेत्रात मात्र पाणी कडेकडेने आत सोडतात, म्हणजे तेल चहूबाजूंनी आतल्या विहिरींकडे सरकत येतं. मुंबई हायमधून तेल यायला १९७६ मध्ये सुरुवात झाली आणि १९८४ पासून तिथे समुद्राचं पाणी आत सोडलं जातं.

समुद्राचं पाणी जसंच्या तसं चालत नाही, आणि इथे या उद्योगाची खरी मेहनत दिसते. आधी ते गाळावं लागतं, कारण बारीक रेती आणि शेवाळ खडकाची छिद्रं बुजवतात. मग त्यातला विरघळलेला ऑक्सिजन काढावा लागतो, नाहीतर हजारो फूट लोखंडी पाइप आतून गंजून जातात. मग जंतू मारावे लागतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. काही जिवाणू त्यावर जगतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सुरुवातीला स्वच्छ असलेलं तेलक्षेत्र काही वर्षांत अशाने नासतं. शिवाय खडकातल्या मूळ पाण्यात बेरियम असेल तर ते सल्फेटला भेटताच दगडासारखा कठीण थर जमतो आणि विहिरीची नळी आतून अरुंद होत जाते. आपल्या बोअरच्या क्षाराने पाइप जाम होतात त्याचाच हा जास्त चिवट प्रकार. साध्या ॲसिडने तो निघत नाही.

सगळं जमलं तरी एक दुखणं राहतं. पाणी तेलापेक्षा पातळ असतं. ते सगळं तेल सारखं रेटत नेत नाही, सोप्या वाटेने बोटं फुटल्यासारखं पुढे घुसतं आणि तेलाच्या विहिरीत जाऊन निघतं. मागे राहिलेलं तेल तसंच राहतं. जगभर जुन्या विहिरींतून आज तेलापेक्षा पाणीच कितीतरी जास्त वर येतं.

राजस्थानात बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्राने यावर काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. २००४ मध्ये सापडलेलं तिथलं तेल मेणचट आहे, गार झालं की थिजतं. म्हणून तिथे आत सोडायचं पाणी गरम करतात. पुढे त्या पाण्यात पॉलिमर मिसळायला सुरुवात झाली. पॉलिमरने पाणी दाट होतं, बोटं फुटणं कमी होतं आणि तेल सरसकट पुढे सरकतं. जगातल्या मोठ्या पॉलिमर प्रकल्पांत मंगलाची गणना होते. वाळवंटात हे जमतं, कारण तिथलं पाणी पिण्याच्या विहिरींतून न घेता खोलवरच्या खाऱ्या थरातून घेतलं जातं.

### आता खडक फोडणं

काही खडकांत तेल किंवा वायू भरपूर असतो, पण छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात. तिथे पाणी सोडून काही होत नाही, ते शिरतच नाही. अशा वेळी वाट तयार करावी लागते. कारखान्यात मिलच्या आधी फायब्रायझर उसाचे तंतू मोकळे करतो ना, ते काम इथे पाण्याचा दाब करतो.

हे तंत्र आपल्या जिल्ह्याला अनोळखी नाही. हातपंपाच्या आटलेल्या बोअरवर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 'जलभंजन' करते, ते हेच. कामाच्या वेळी गाडीवरच्या प्रेशर गेजकडे बघत उभं राहा. बोअरमध्ये रबरी पॅकर उतरवतात, तो फुगून कातळाला घट्ट बसतो, आणि त्याच्याखाली पाणी दाबलं जातं. काटा चढत जातो, पाइप थरथरतात, काही वेळ काहीच घडत नाही. मग एकाएकी काटा खाली येतो. कुणी मोटर बंद केलेली नसते. कातळातली बंद भेग उघडलेली असते आणि पाण्याला जायला जागा मिळालेली असते. तेलाच्या विहिरीवरचे इंजिनिअर स्क्रीनवर नेमकी हीच घसरण शोधत असतात.

पुढे मात्र दोन्ही कामं वेगळी होतात. बोअरमध्ये साधं पाणी पुरतं, कारण आपला बेसॉल्ट कडक असतो आणि आधीपासूनच्या सांध्यांतला गाळ धुऊन निघाला की बरंच काम होतं. तेलाचा थर हजार-दोन हजार मीटर किंवा त्याहून खाली असतो. वरच्या खडकाचं ओझं इतकं असतं की दाब काढताच भेग पुन्हा मिटते. म्हणून पाण्यातून वाळू आत पाठवतात. भेग उघडली की वाळूचे कण तिच्यात जाऊन बसतात आणि ती उघडी ठेवतात. वाळू वाहून नेता यावी आणि घर्षण कमी व्हावं म्हणून थोडी रसायनं घालतात, साधारण अर्धा ते दोन टक्के. चुनखडीत वाळूऐवजी ॲसिडही वापरतात. ते भेगेच्या भिंती ओबडधोबड खातं, त्यामुळे त्या पूर्ण जुळत नाहीत.

भेग कुठल्या दिशेने जाणार हे माणूस ठरवत नाही. ज्या बाजूने खडकावर सर्वांत कमी दाब असतो त्या बाजूला ती उघडते. खूप खोलवर वरचं ओझं सर्वांत जास्त असल्याने भेगा बहुधा उभ्या असतात. उथळ खडकात त्या आडव्याही पसरतात.

१९४७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ह्यूगोटन वायुक्षेत्रात याचा पहिला प्रयोग झाला आणि तो फसला. १९४९ मध्ये हे तंत्र धंद्यात उतरलं. आडव्या विहिरी आणि पातळ पाण्याचा मारा यांची सांगड १९९० च्या दशकानंतर बसली, तेव्हा कुठे शेल नावाच्या चिकणमातीच्या खडकातून वायू आणि तेल काढणं परवडायला लागलं.

### दोन्हींमधली सीमा: दाब

पाणी सोडणं आणि खडक फोडणं यांत पाणी तेच, पंपही साधारण तसेच. फरक दाबाचा आहे, आणि बातम्यांत नेमका तोच गळतो.

ठिबकवाल्यांना 'एक किलो प्रेशर' माहीत असतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ तळाशी तेवढा दाब देतो. म्हणजे हजार मीटर खोलीवर नुसत्या पाण्याचाच दाब शंभर किलो होतो. त्याच खोलीवर वरच्या खडकाचं ओझं दोनशे तीस किलोच्या आसपास असतं. खडक फाटतो तो साधारण या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. कुठे, ते प्रत्येक ठिकाणी मोजावं लागतं.

पाणी सोडताना सहसा या मर्यादेच्या खाली राहायचं असतं. कारण पाण्याने छिद्राछिद्रातून संथपणे जावं हीच अपेक्षा असते. चुकून खडक फाटला आणि ती भेग तेलाच्या विहिरीच्या दिशेने गेली, तर आत सोडलेलं पाणी त्या भेगेतून थेट विहिरीत येतं. भेगेच्या दोन्ही बाजूंचं तेल तिथेच राहतं. एकदा अशी वाट पडली की ती बुजवणं अवघड, म्हणून पाण्याच्या विहिरींची मांडणी भेगांची दिशा ओळखून करतात.

आणि दाब मर्यादेत ठेवूनही खडक फाटू शकतो. समुद्राचं पाणी गार, खडक गरम. वर्षानुवर्षं गार पाणी जात राहिलं की विहिरीजवळचा खडक आकसतो, त्यावरचा ताण कमी होतो आणि फाटण्याची मर्यादाच खाली येते. काल सुरक्षित असलेला दाब आज खडक फोडतो. थोड्या लांबीची अशी भेग कधी उपयोगीही पडते, कारण छिद्रं बुजलेल्या विहिरीत तिच्यामुळे पाणी शिरू लागतं. ती किती लांब गेली यावर लक्ष ठेवावं लागतं.

नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्राने तर आणखी वेगळा धडा दिला. तिथला खडक खडूसारखा मऊ. तेल निघालं तसा तो दबत गेला, आणि १९८४ मध्ये लक्षात आलं की समुद्राचा तळच खचतो आहे. १९८७ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म तब्बल सहा मीटर उचलावे लागले. त्याच वर्षी मोठ्या प्रमाणात पाणी सोडायला सुरुवात झाली. दाब सावरला, पण पाण्याने तो खडू आणखी मऊ होत असल्याने खचणं लगेच थांबलं नाही. तेलाच्या बाबतीत मात्र फायदा मोठा झाला. सुरुवातीला १७-१८ टक्के तेल निघेल असा अंदाज होता, तो ५० टक्क्यांच्या वर गेला.

### मग भूकंप होतात का?

होतात, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण कधी होतात ते नीट समजून घ्यायला हवं.

जमिनीत जुने भ्रंश असतात, म्हणजे खडकाचे दोन भाग एकमेकांवर सरकू शकतील अशा फटी. वरच्या ओझ्यामुळे ते भाग आवळून धरलेले असतात. फटीत पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होते आणि आधीच साठलेला ताण मोकळा होतो. कोयनेत १९६२ पासून धरण भरू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ ला सहाहून मोठ्या तीव्रतेचा भूकंप झाला, त्यामागचं स्पष्टीकरण याच प्रकारचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाशी मात्र तेलविहिरींचा संबंध जोडू नये. त्या भागात खडकात पाणी दाबण्याचं असं कुठलंही काम नव्हतं.

तेलक्षेत्रातला सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या रेंजली इथला. तिथे तेलासाठी पाणी सोडलं जात होतं आणि लहान भूकंप होत होते. १९६९ पासून काही वर्षं तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने दाब कमी-जास्त करून पाहिला. दाब एका मर्यादेवर गेला की धक्के वाढत, खाली आणला की थांबत.

पुढे ओक्लाहोमामध्ये धक्क्यांची रांग लागली, ३ सप्टेंबर २०१६ चा तर ५.८ तीव्रतेचा होता. लोकांनी खापर फ्रॅकिंगवर फोडलं. मुख्य कारण वेगळं होतं: तेलाबरोबर वर आलेलं खारं पाणी वर्षानुवर्षं दुसऱ्याच एका खोल थरात ओतलं जात होतं. त्या थरातून काहीच काढलं जात नव्हतं, त्यामुळे दाब नुसता चढत गेला. पाणी कमी केल्यावर धक्केही कमी झाले. तेलासाठी पाणी सोडताना जेवढं काढलं तेवढंच भरायचं असतं, म्हणून हा धोका तिथे बराच कमी असतो. फ्रॅकिंगनेही धक्के बसतात, पण बहुधा लहान. इंग्लंडमध्ये तेवढ्यावरूनच नोव्हेंबर २०१९ मध्ये फ्रॅकिंग थांबवलं गेलं. दाट वस्तीत लोकांनी लहान धक्केही का सोसावेत, हा तिथला सवाल मला पटतो.

### आणि पिण्याचं पाणी?

दोन वेगळ्या शंका आहेत. पहिली, पाणी किती लागतं. मुंबई हायला समुद्राचं पुरतं. जमिनीवरच्या क्षेत्रांत तेलाबरोबर आलेलंच पाणी साफ करून पुन्हा आत सोडता येतं. शेलचं फ्रॅकिंग मात्र तहानलेलं काम आहे, एकेका आडव्या विहिरीला कोट्यवधी लिटर लागतात. भारताने २०१३ मध्ये शेलसाठी धोरण आणलं, पण आपल्याकडे व्यापारी उत्पादन उभं राहिलं नाही, आणि पाणी हे त्यातलं एक मोठं कोडं आहे. माझं मत स्पष्ट आहे: ज्या देशात गोड्या पाण्यासाठी टँकर फिरतात तिथे जुन्या क्षेत्रांतलं उरलेलं तेल खाऱ्या पाण्याने, नीट मोजूनमापून काढणं हे आधी यायला हवं. त्याची बातमी होत नाही, पण तेल त्यातून खात्रीने मिळतं.

दुसरी शंका, भूजल नासतं का. तेलाचा थर आणि आपलं भूजल यांत बहुतेक ठिकाणी हजारभर मीटर खडक असतो, भेग तेवढी वर सहसा येत नाही. धोका असतो तो विहिरीच्या अंगाला. केसिंग (विहिरीत बसवलेला पाइप) आणि खडक यांच्यामधलं सिमेंट कच्चं राहिलं तर खालचा वायू आणि खारं पाणी त्या फटीतून वर येतं. दुसरा धोका जमिनीवर सांडणाऱ्या पाण्याचा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ च्या अहवालात हेच मान्य केलं की काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो, आणि त्यात सांडणं, कच्चं बांधकाम आणि उथळ थरांतलं फ्रॅकिंग यांचा उल्लेख होता. त्यामुळे अशा विहिरीबद्दल पहिली चौकशी सिमेंटची करावी.

### सोलापूरखाली तेल आहे का?

हा प्रश्न हमखास येतो, उत्तर छोटं आहे. तेल बनतं ते प्राचीन समुद्राच्या किंवा तळ्यांच्या गाळात. आपल्या पायाखाली लाव्हाचे थर आहेत. भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या खोल बोअरमध्ये ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली जेमतेम आठेक मीटर गाळाचा थर, आणि मग थेट अतिप्राचीन कठीण नाइस खडक. तेल बनायला आणि साठायला तिथे जागाच नाही.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की तेल लागल्याची आवई उठते. काडीने तो तवंग ढवळून बघा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगवेगळे राहिले तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा थर आहे. काडी काढताच तवंग पुन्हा सांधला गेला तर ते तेल आहे, आणि मग आधी पंपाचं ऑइल गळतंय का ते तपासा.